पायीसाहेब आणि कालव्याचं पहिलं पाणी

पायीसाहेबांची जीप कायम त्यांच्या मागून येई. पुढे ते, डोक्याला ओला रुमाल, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. आणि शंभरेक पावलं मागे रिकामी जीप, पहिल्या गिअरमध्ये कण्हत. गंगाखेडकडच्या गावांत सुरुवातीला लोकांना वाटे, गाडी बिघडली आणि साहेब मेकॅनिक शोधायला निघाले. कुणी तरी रानातून धावत येई, "साहेब, ढकलू लागू का?" जीप चालवणारे उस्मानभाई मान खाली घालत. मला म्हणत, "लोगां हसते मेरे कू. बोलते, साहब कू तेरे पे भरोसा नई क्या?"

ते कालव्याच्या कामावरचे डेप्युटी इंजिनिअर होते आणि मी त्यांच्या ऑफिसातला कारकून. त्यांचं खरं नाव माझ्या फायलींमध्ये होतं; मजुरांनी ठेवलेलं नाव पायीसाहेब, आणि तेच गावोगाव गेलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता. काळ्या रानातून कालवा हळूहळू पुढे सरकत होता आणि त्याच्या सोबत आमचा पत्र्यांचा कॅम्प. मी पुस्तकांतला माणूस. सुटीच्या दिवशी पत्र्याच्या सावलीत काही तरी वाचत बसलेलो असे. ते जाता जाता म्हणत, "काय पुस्तकराव, पान उलटायला तरी हात हलवता का?" तेव्हापासून मी पुस्तकराव झालो.

त्यांना बसवत नसे. फायलीवर सही खिडकीच्या कट्ट्यावर, ठेकेदाराशी बोलणं ओट्याच्या पायरीवर एक पाय ठेवून, जेवणसुद्धा पुष्कळदा हातात भाकरी घेऊन उभ्या उभ्या. वरच्या ऑफिसातून पत्र आलं की ते वाचत वाचत कॅम्पच्या टोकापर्यंत जात, आणि परत येईपर्यंत उत्तर तयार असे. मी मागून पॅड घेऊन धावायचो. त्या वेळची माझी अक्षरं आजही फायलींत असतील, सगळी एका बाजूला कललेली.

त्यांच्या टेबलामागे वेताची चांगली खुर्ची होती. ती रिकामी पाहून मला चुकल्या-चुकल्यासारखं होई. आम्ही दोघेही बौद्ध घरांतले. ते ताडकळसच्या बाजूचे, मी झरीचा. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्यांच्या रानात सालं घातली होती, माझ्याही. आमच्या घरांत खुर्चीचा अर्थ निराळा होता. एकदा आई झरीहून मला भेटायला आली. आपल्यातला साहेब कुठं बसतो, ते तिला बघायचं होतं. मी तिला आत नेलं, साहेब त्या खुर्चीत बसत नाहीत तेही सांगितलं. तिनं खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "अन् ह्यो हितं बसतच न्हाई व्हय?"

साहेब दारातच उभे होते. म्हणाले, "जय भीम, आई. बसायला मिळावं म्हणूनच शिकलो मी. मिळाल्यावर कळलं, मला बसायचं नव्हतंच. कुणी ऊठ म्हणू नये, एवढंच पाहिजे होतं."

"मंग बस की वाईच," आई म्हणाली. "कोन ऊठ म्हनतंय, बघू तरी."

ते बसले. आईसाठी म्हणून, चहा संपेपर्यंत. पूर्ण वेळ त्यांची टाच फरशीवर वाजत होती.

चालण्यावर त्यांचं काम उभं होतं. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. तिच्यावरून कालवा नेणं म्हणजे रोज कूस बदलणाऱ्या अंगावर चादर नीट घालण्यासारखं. ठेकेदार माती ओली करून थराथरानं दबाई न करता नुसती ढेकळं टाकून भराव उंच करत. वरून सगळं सपाट दिसे. साहेब भरावावर चढून बूट काढत आणि अनवाणी चालत जात. मध्येच थांबून टाच आपटत. "इथं उकरा." उकरलं की खाली पोकळ ढेकळं निघत. ठेकेदार म्हणे, साहेबांना कुणी तरी चुगली सांगितली. साहेब म्हणत, "सांगितली ना. पायांनी."

आजाराचं मला महिनाभर कळलंच नव्हतं. सकाळी त्यांच्या खोलीच्या मागे स्पिरिटचा दिवा पेटलेला असे आणि ते काचेच्या नळीत निळं पाणी उकळताना दिसत. मला वाटलं, विहिरीचं पाणी तपासतात. उस्मानभाईंना वाटलं, सिमेंटची परीक्षा. एके दिवशी मी विचारलंच, "साहेब, कुठल्या विहिरीचं?" ते इतके हसले की नळी खाली ठेवावी लागली. "माझ्याच," ते म्हणाले. मग सांगितलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून त्यांना मधुमेह होता, रोज सुई टोचावी लागणारा. लघवीचे थेंब निळ्या औषधात उकळायचे. निळं राहिलं तर बरं, हिरवं-पिवळं झालं तर सांभाळून, विटकरी झालं तर सुईत औषध वाढवायचं. सुई तिथंच उकळायची. औषधाची बाटली खोलीच्या कोपऱ्यात, ओल्या वाळूनं भरलेल्या मडक्यात. कॅम्पवर बर्फ कुठला? त्या वाळूवर पाणी शिंपडणं हे त्यांचं दिवसातलं पहिलं आणि शेवटचं काम.

"जुन्या भाडेकरूसारखं आहे," ते आजाराबद्दल म्हणत. "घर त्याचं नाही, पण खाली करत नाही." याहून जास्त बोलणं त्यांना आवडत नसे.

चालणं जास्त झालं किंवा जेवायला उशीर झाला की उलटंच होई, साखर एकदम उतरे. म्हणून सदऱ्याच्या डाव्या खिशात कागदात बांधलेला गुळाचा खडा कायम असे. साखर उतरल्याची खूण घाम आणि राग. एरवी शिवी न देणारा माणूस चालता चालता कशावरूनही भडके. त्यांनीच मला नियम घालून दिला होता: "मी विनाकारण चिडलो की आधी गूळ द्या, माफी मी नंतर मागतो." मी त्यांच्या चिडण्याची कारणं पारखायला शिकलो. पुष्कळदा कारण असे, आणि मी गूळ पुढे केला की ते आणखी चिडत.

एका गोष्टीची ते वाट पाहत होते. नवीन कालव्यात पहिल्यांदा पाणी सोडतात तेव्हा ते धो धो येत नाही. कोरडी माती पीत राहते, भेगा भरत राहतात आणि पाण्याचं तोंड माणसाच्या सावकाश चालीनं पुढे सरकतं. कामावरची माणसं त्याच्या बरोबरीनं काठावरून चालतात. कुठं झिरपतं, कुठं भराव खचतो, रस्त्याखालच्या कुठल्या मोरीत तुंबतं, ते पाहत. साहेबांनी दुसऱ्यांच्या कालव्यांवर हे केलं होतं. आता स्वतः आखलेल्या कालव्यावर, शेवटच्या गावापर्यंत, त्यांना पाण्यासोबत जायचं होतं. "नकाशावर मी उतार दिला," ते म्हणत, "पण पाण्याला तो पटला का, हे त्याच्याबरोबर गेल्याशिवाय कळायचं नाही."

पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस सुटणार होतं. संक्रांतीच्या सुमाराला एका संध्याकाळी ते पायरीला टेकून बुटाचा बंद सोडत होते आणि मला हजेरीपटातलं काही सांगत होते. बूट निघाला, तर मोजा लाल. बाभळीचा काटा बुटाचा तळ भेदून तळव्यात घुसला होता. सकाळपासून ते त्याच्यावर चालत होते.

"दुखलं नाही?"

त्यांनी पाय माझ्यापुढे केला. काटा मी काढला. पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसे ते पाहत राहिले.

"दिवाळीपासून असं आहे. आधी बोटं गेली, आता टाचेपर्यंत आलंय."

"गेली म्हणजे?"

"आहेत. पण काही सांगत नाहीत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, बरेच दिवस त्यांनी भरावावर बूट काढले नव्हते. मी विचारलं, मग भराव कसा पारखता? म्हणाले, "कानांनी. पावलाचा आवाज ऐकतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, अशा पायानं चालायचं नाही. जखम कळत नाही, सडते, मग पाय कापतात. चार महिने, पुस्तकराव. पाणी पोचू द्या. मग म्हणाल तिथं बसतो. कुणाला सांगू नका, घरी तर नाहीच." वहिनी दोन मुलींना घेऊन औरंगाबादला राहत होत्या. मी शब्द दिला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी कंदील धरी आणि ते आरशात तळवे पाहत.

कॅम्पवर स्वयंपाकाला गयाबाई होत्या. साहेबांवर त्यांचा फार जीव. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्यांना सांगितलं होतं की साखरेच्या आजाराला गोड म्हणजे विष. सदरे धुवायला घेताना त्यांना खिशात गूळ सापडे. दोन-चारदा त्या गप्प बसल्या. मग शिमग्याच्या आसपास त्यांनी मनाशी ठरवलं की साहेब लेकरागत चोरून गोड खायलेत. धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात त्यांनी तसाच कागद, तशीच पुडी बांधून ठेवली. आत फुटाणे.

त्या दिवशी आम्ही कालव्यातून फुटणाऱ्या एका चारीच्या आखणीला गेलो होतो. साहेब दुर्बिणीतून उंचीचे आकडे सांगत होते, मी लिहीत होतो. ऊन चढलं. एकाएकी ते माझ्यावर ओरडले, "आकडे नीट घ्या! लिहायलात का झोपायलात?" मी नीटच लिहीत होतो. म्हटलं, "साहेब, गूळ." त्यांनी खिशातून पुडी काढली, उघडली आणि तळहातावरच्या फुटाण्यांकडे पाहत राहिले. मग ते एकेक फुटाणा मोजू लागले. सातपर्यंत गेले, पुन्हा एकपासून. तिसऱ्या खेपेला गुडघ्यांतून खाली बसले आणि आडवे झाले.

मजूर गोळा झाले. "ऊन लागलं, कांदा हुंगवा." "उचला, झाडाखाली न्या." मागून कुणी तरी म्हणालं, "पिऊन आलाय का काय साहेब?" उस्मानभाई जीप सोडून पळत आले. शेजारी ऊस उभा होता. आम्ही दोघं आत घुसलो आणि कांडी मोडू लागलो, तशी पलीकडून म्हातारी ओरडायला लागली, "कोन हाय रं उसात? मुडदा बसवला तुमचा!" दगडानं कांडं चेचून साहेबांच्याच रुमालात पिळलं आणि रस थेंब थेंब त्यांच्या हिरड्यांवर सोडला. म्हातारी काठी घेऊन आली, पाहिलं, आणि काठी टाकून ती स्वतःच ऊस चेचायला बसली. बऱ्याच वेळानं साहेबांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न विचारला, "शेवटचा आकडा किती होता?"

संध्याकाळी गयाबाई उंबऱ्यात बसून रडल्या. "म्या मारलं असतं की ओ तुमाला." साहेब म्हणाले, "गयाबाई, तुमचं काही चुकलं नाही. हा आजारच उलट्या डोक्याचा आहे." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी साहेबांच्या सगळ्या खिशांत इतका गूळ भरला की सदऱ्यांना मुंग्या लागल्या.

पण "पिऊन पडला" हे शब्द आमच्या आधी वर पोचले होते. मोठे साहेब चौकशीला आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही रोज सोबत असता. काय झालं ते सविस्तर लिहून पाठवा." पायीसाहेबांनी मला सांगितलं, "ऊन लागलं म्हणून लिहा. दोन ओळी." दारूचा डाग पुसायचा तर दोन ओळी पुरणार नव्हत्या. आजाराबद्दल लिहावंच लागलं, गुळाबद्दल, फुटाण्यांबद्दल. ते लिहून झालं तेव्हा अहवाल पुरा झाला होता. पायाबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं.

मी आणखी एक परिच्छेद लिहिला. काटा, मोजा, दिवाळीपासूनचा बधिरपणा, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते. लिहिताना मला वाटलं, मी त्यांचा पाय वाचवतो आहे. त्यांच्या दोन मुली डोळ्यांपुढे होत्या. आईनं हात फिरवलेली खुर्चीही होती. असा माणूस सुरक्षित जागी बसलेला असावा, असं मला मनापासून वाटत होतं. या सगळ्यातलं काहीच खोटं नव्हतं. त्या परिच्छेदातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी मी ती वाक्यं आजही मनात खोडतो, पुन्हा लिहितो, पुन्हा खोडतो.

पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम आला. औरंगाबाद, नकाशे तयार करणारं ऑफिस, बाहेरचं काम नाही. पाणी सुटायला दीड महिना होता. साहेबांनी हुकूम चालता चालता वाचला, कॅम्पच्या टोकाशी गेले आणि या वेळी परत यायला त्यांना फार वेळ लागला. मला काहीच विचारलं नाही. गंगाखेडच्या स्टेशनापर्यंत चालतच गेले. गाडीच्या दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "पाण्यासोबत कुणी तरी नीट जा." मी म्हणालो, "मी जातो."

आणि मी गेलो, आयुष्यात एवढं कधी न चाललेला माणूस. पाण्याचं तोंड फेसाळ, मातकट. पुढे काडीकचरा, बाभळीच्या वाळक्या शेंगा ढकलत येणारं. भेगांत शिरताना ते सुस्कारल्यासारखा आवाज करी. बिळांतून उंदीर निघत, विंचू निघत. बगळे आधीच येऊन बसलेले. गावोगावची माणसं काठावर उभी होती. कुणी नारळ फोडी, कुणी नुसतंच पाण्यात उतरून उभं राही. मी वही काढून सगळं टिपत होतो. सहाव्या मैलाला माझे दोन्ही तळवे फोडांनी भरले. उस्मानभाईंनी जीप शेजारी आणून दार उघडलं. "बैठो साहब, कोई नई देखरा." मी बसलो. आठव्या मैलाला उतरलो आणि शेवटच्या गावापर्यंत पुन्हा चाललो. पाणी पोचलं. पाण्याला उतार पटला होता.

औरंगाबादला जायला मला दोन वर्षं लागली. कामं होती, असं मी स्वतःला सांगत होतो. त्याच आजारानं साहेबांची नजर तोवर गेल्यात जमा होती. नकाशेही दिसत नव्हते. घराच्या गॅलरीत ते येरझाऱ्या घालत होते. "सव्वीस पावलं," मला आवाजावरून ओळखून म्हणाले. "जाताना. येताना कधी सत्तावीस भरतात." वहिनींनी चहा देताना हळूच म्हटलं, "भाऊजी, तुम्ही लिहिलंत म्हणून माणूस घरात तरी आहे. मी विसरणार नाही." मी कप तसाच खाली ठेवला.

वहिनी आत गेल्यावर मी म्हणालो, "साहेब, अहवाल मी लिहिला होता."

"माहीत आहे. त्या ऑफिसात धड मराठी लिहिणारं दुसरं होतं कोण?"

"चुकलं का माझं?"

ते टोकापर्यंत जाऊन परत आले. "पाय राहिले," ते म्हणाले. "दोन्ही आहेत. रोज संध्याकाळी ती त्यांना तेल लावते." पुन्हा एक फेरी झाली. "आता पाणी सांगा."

मी वही उघडली. ते माझ्यापुढे येरझाऱ्या घालत राहिले आणि मी मैल मैल वाचत गेलो. ते मध्येच अडवत. "त्या मोरीपाशी किती वेळ तुंबलं?" "डाव्या भरावाला ओल आली का?" "बगळे किती पुढे होते?" त्यांची पावलं हळूहळू संथ होत गेली आणि माझ्या लक्षात आलं, ते पाण्याच्या चालीनं चालायलेत. सहावा मैल संपला आणि मी थांबलो.

"मग?"

"मग आठवा मैल."

"मधले दोन?"

"तिथं मी जीपमध्ये बसलो होतो, साहेब. पाय फोडांनी..."

ते जागच्या जागी थांबले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते हसू लागले, त्या नळीच्या सकाळी हसले होते तसे, खोकला येईपर्यंत. "दोन मैल! अहो, सगळ्यात वाईट काळी माती तिथंच होती!" मग डोळे पुसत म्हणाले, "जाऊन या. चालत. आणि येऊन सांगा मला."

मी हो म्हणालो. जून झाला, जुलै झाला; हिशेबतपासणी निघाली, आईचं दुखणं निघालं. भाद्रपदात वहिनींचं पत्र आलं. सकाळी गॅलरीत होते, म्हणून त्यांनी लिहिलं होतं. चहा घेऊन गेल्या तोवर खाली पडलेले, श्वास थांबलेला.

पत्र खिशात घेऊन दुसऱ्या दिवशी मी सहाव्या मैलाला उतरलो. कालवा भरून वाहत होता. डाव्या भरावाला एके ठिकाणी हातभर ओल होती, वाहती नव्हे, नुसती ओल, आणि तिच्यावर लव्हाळा उगवला होता. पुढे मोरीच्या दगडांवर दोघी जणी धुणं धूत होत्या, त्यांनी विचारलं, "कुनीकडं जायलात, पावनं?" मी म्हणालो, असंच, बघायला. सातव्या मैलाजवळ भराव किंचित दबला होता, पण सगळीकडून सारखा, त्यामुळे धोका नव्हता. पलीकडे हिरवी ज्वारी होती, जिथं पूर्वी कधी नव्हती. पाणी कुठंही तुंबत नव्हतं. उतार तिथंही बरोबर होता.

दोन मैलांना मला पाऊण तास लागला. त्यांना अर्धा पुरला असता.